प्रार्थनेपुरता

"होशिआ... एथ... अमेखा..."

हसकेलकाका एकेका माणसासमोरून सरकत होते आणि प्रत्येकाला एकेक शब्द देत होते. बोट नाही दाखवायचे, नुसती हनुवटी हलवायचे. तुम्हाला वाटेल हे काय चाललंय, तर ऐका. पप्पांच्या लोकांत, म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी ज्यू, त्यांच्यात माणसं एक-दोन-तीन करून मोजत नाहीत. गुरं मोजावीत, माणसं नाही. मग करायचं काय, तर हिब्रू स्तोत्रातली एक ओळ आहे, बरोब्बर दहा शब्दांची, ती म्हणत जायचं. ओळ पुरी झाली की दहा पुरुष झाले. आणि दहा पुरुष झाले तरच गेलेल्या माणसाचा कद्दीश, म्हणजे त्याच्यासाठीची प्रार्थना, म्हणता येतो. नऊ असले तर नाही. नऊच्या नऊ मोठे पंडित असले तरी नाही.

"...वेनस्सेएम... आद."

'आद' एझ्रा मास्तरांच्या वाट्याला आला आणि माणसं संपली. ओळीतला एक शब्द उरला.

"पुन्हा करून बघा, मुकादम," कुणीतरी म्हणालं.

आता पुन्हा करून काय एका माणसाचे दोन होणार होते? पण काकांनी खरंच पुन्हा केलं. म्हणजे डोळ्यांसमोर आणा. जर्मनी, जून महिना, वोर्म्स नावाचं गाव. हजार वर्षांच्या जुन्या सिनेगॉगचं अंगण, मधे एकदा जाळून टाकलेलं आणि तेच दगड वेचून परत उभं केलेलं ते सिनेगॉग. आणि तिथे कोकणातले आठ म्हातारे ओळीनं उभे, आणि नववे माझे काका, पहिला शब्द स्वतःला धरून, घाम पुसत त्यांना बाकीचे वाटतायत. पुन्हा 'आद'. पुन्हा एक उरला.

आणि फाटकापाशी, माझ्या शेजारी, पप्पा अगदी हळू म्हणाले, "हाओलाम."

तो उरलेला शब्द.

थांबा, थांबा, आधीचं सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही त्या एका शब्दात काय होतं ते.

पप्पा ज्यू, मम्मी ख्रिश्चन. पप्पा रहमीम झिराडकर, अलिबागकडचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नगरला बदलून आले, जॅक सटकून पाय मोडला, मम्मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, पुढचं तुम्हीच समजून घ्या. मम्मीचं नाव सुवार्ता, तिचं घराणं तीन पिढ्या प्रोटेस्टंट. दोघांनीही धर्म बदलला नाही. पप्पा रोज सकाळी गच्चीवर जाऊन डोळ्यांवर हात ठेवून शेमा, म्हणजे त्यांची रोजची प्रार्थना, म्हणायचे, मम्मी रविवारी चर्चला जायची, आणि मी दोन्हीकडचे सण खाऊन वाढलो. पण पप्पांच्या घरचं एक माणूस कधी आमच्या दारात आलं नाही. मी विचारलं की पप्पांचं ठरलेलं उत्तर: "दादा रागावलाय. राग काय, जातो." माझ्या जन्माच्या आधीपासून जातोय तो राग! आजी गेली तेसुद्धा आम्हाला कितीतरी आठवड्यांनी कळलं, तेही एझ्रा मास्तरांनी गुपचूप फोन केला म्हणून. एझ्रा मास्तर म्हणजे त्यांच्या गावच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, पप्पांना लहानपणी हिब्रू त्यांनीच शिकवलं. फोन ठेवला आणि पप्पा गच्चीवर गेले. आईचा कद्दीश म्हणायला दहा पुरुष पाहिजेत आणि आमच्या भागात ज्यू म्हणजे एकटे पप्पा. मी म्हटलं, पुण्याला जाऊ. तर म्हणे, "तिथे सगळे दादाला ओळखतात. त्याच्या कानावर जाईल. उगीच त्याला त्रास."

आणि मग ही सहल. पुण्याचा कुणी बिपीन कुलथे, छोटी टूर कंपनी. त्यानं ल्यूथरच्या, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्याच्या, गावांची सहल काढली होती, नगरची चर्चची मंडळी भरली, तरी निम्मी बस रिकामी. मग या पठ्ठ्यानं डोकं चालवलं, जर्मनीत ज्यूंचंही बघण्यासारखं आहे, तर कोकणातल्या सिनेगॉगला फोन लावला आणि दोन सहली जोडून टाकल्या. आम्हाला म्हणाला, "दोघंही बायबलवालेच ना! एकाच बसमध्ये दोन वारसे!" ख्रिश्चनांच्या गळ्यात ओळखपत्राची लाल दोरी, ज्यूंच्या गळ्यात निळी. पप्पा मम्मीबरोबर आले होते म्हणून त्यांना लाल मिळाली. तेही काही बोलले नाहीत, घातली.

मुंबईला विमानतळावर पप्पांची ट्रॉली एकदम थांबली. मागून माझी त्यांच्या टाचांवर आदळली.

"दादा," पप्पा म्हणाले.

समोर उंच, गोरे, दाढी कातरलेले एक म्हातारे. माझे काका, मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि त्यांनी पप्पांकडे बघितलं, म्हणजे बघितलं असं नाही म्हणता येणार. काचेतून पलीकडचं बघावं तसं बघितलं. आणि बिपीनला विचारलं, "गेट नंबर किती हो?"

पुढची मजा ऐका. बिपीननं बसमधल्या जागा आडनावांवरून लावल्या होत्या. झिराडकर, झिराडकर, फॅमिलीच असणार म्हणून एकाच रांगेत टाकले! मधे फक्त जायची वाट. मला वाटलं काका आता भांडतील, जागा बदलून मागतील. नाही. बसले तिथेच, सहा दिवस. तेव्हा मला हे फार आशेचं लक्षण वाटलं होतं. जागा बदलून मागायची तर शेजारी कुणीतरी बसलंय हे कबूल करावं लागतं, हे डोक्यात आलं नाही.

बाकी सहल धमाल होती, खोटं कशाला बोलू. पहिल्याच सकाळी नाश्त्याला डुकराचे सॉसेज. आढाव पाळकसाहेबांनी चार उचलले, समोरच्या ज्यू बायकांनी तोंडं फिरवली, तर पाळकीणबाई नवऱ्याला म्हणतात, "अहो, निदान पाठमोरे बसून तरी खा." दोन दिवसांत दोन्हीकडच्या बायका पापडवालींचे पत्ते एकमेकींना देत होत्या. फक्त पप्पा. पप्पा रोज काकांची बॅग बसमधून उतरवायचे, हॉटेलच्या दारात ठेवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. ते लांब गेले की काका येऊन बॅग उचलायचे. मला इतकी चीड यायची!

"पप्पा, कशाला करता?"

"जड आहे रे ती."

"त्यांची आहे ना? त्यांना उचलू दे."

"त्याची कंबर धरते, योएल. लहानपणापासून."

तर वोर्म्सचा दिवस. गाव निम्मं ल्यूथरचं आणि निम्मं ज्यूंचं, त्यामुळे बिपीन जाम खूश, त्यानं बस दोन भागांत फोडली. लाल दोऱ्या ल्यूथरच्या पुतळ्याकडे, निळ्या सिनेगॉगकडे. आणि हिब्रू तारखेप्रमाणे नेमकं त्याच दिवशी आजीला जाऊन वर्ष होत होतं. काकांनी सगळं आधीच ठरवलं होतं, सिनेगॉगवाल्यांकडून परवानगी घेतली होती, दहा पुरुष मोजून आणले होते. पण दहावे, आवासकर आजोबा, आदल्या दिवशी चीज खाऊन असे काही बिघडले की फ्रँकफर्टच्या हॉटेलातच राहिले.

मम्मीनं पप्पांना ढकललंच. "अहो, पुतळा काय बघायचाय तुम्हाला? जा तिकडे. आईंचा दिवस आहे. नुसतं उभं तरी राहा."

म्हणून आम्ही दोघं फाटकापाशी उभे होतो. आणि पप्पांनी तो शब्द म्हटला.

सगळे वळले. काका शेवटी वळले. आणि पहिल्यांदा, खरंच पहिल्यांदा, त्यांनी पप्पांच्या तोंडाकडे बघितलं. एझ्रा मास्तर तर लगेच म्हणाले, "झाले की दहा! मुकादम, झाले!" मुकादम म्हणजे सिनेगॉगचे प्रमुख, ते काकाच.

काकांनी घसा साफ केला. "टोपी आहे?"

"आहे," पप्पा म्हणाले, आणि खिशातून काढली. इस्त्री केलेली! सकाळपासून खिशात होती.

"आणि हा पोरगाही आहे," मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "अकरा होतील, बरंच आहे."

"याची आई कोण?" काकांनी विचारलं. मलाच नाही, सगळ्यांनाच.

मास्तरांची नजर माझ्या गळ्यातल्या लाल दोरीवर गेली.

"मग विचारता कशाला," काका म्हणाले.

म्हणजे बघा हं, ज्यू आई असली तर ज्यू. बाप चालतो, मुलगा नाही. माझं डोकंच फिरलं, पण पप्पांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "तू मागे उभा राहा, योएल. आज नको." दुसऱ्या हातानं त्यांनी टोपी डोक्यावर चढवलीही. रागानं नाही हो. आनंदानं! त्यांना त्या क्षणी कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आत गार होतं. मी दारापाशी, तिथल्या जर्मन गाइडबाईंच्या शेजारी उभा राहिलो. मास्तरांनी पप्पांना आपल्या बाजूला घेतलं. "ये रहमू, पान मी दाखवतो."

"पान नाही लागणार, मास्तर."

आणि खरंच नाही लागलं. सगळं पाठ. इतकी वर्षं एकट्यानं गच्चीवर म्हणून म्हणून पाठ. आणि एक गोष्ट मला एकदम लक्षात आली, दोघांचा आवाज एकच. डोळे मिटले तर काका कुठले आणि पप्पा कुठले ते कळत नव्हतं. मी तिथल्या तिथे मम्मीला मेसेज टाकला: काका बोलले!!! तीन उद्गारचिन्हं. तिचं लगेच उत्तर, देवाची स्तुती असो, आणि हात जोडलेली चित्रं ओळभर.

मग कद्दीशच्या आधी गेलेल्यांची नावं घ्यायची असतात. घरच्या माणसानं नाव सांगायचं, मास्तरांनी ते प्रार्थनेत गुंफायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. काका डोळे मिटून उभे राहिले.

"रूबेन बेन एलियाहू." एलियाहूचा मुलगा रूबेन, म्हणजे माझे आजोबा.

"आमेन."

"मिल्का बाथ शालोम." आजी.

"आमेन." पप्पांचा आमेन सगळ्यांत मोठा. तो वर छतापर्यंत गेला.

काकांनी डोळे उघडलेच नाहीत. दरवर्षीचं असावं तसं, सुरात, पुढचं नाव घेतलं.

"रहमीम बेन रूबेन."

दोघातिघांनी आमेन म्हणूनही टाकलं. सवय. पप्पांनीसुद्धा तोंड उघडलं होतं.

मग सगळे थांबले. काकांनी डोळे उघडले. त्यांना कळलं काय झालं ते. त्यांचा चेहरा, सांगतो तुम्हाला, पीठ उडाल्यासारखा पांढरा.

"दादा," पप्पा म्हणाले, "ते मीच ना?"

काकांनी समोरच्या बाकाचा कठडा धरला.

"कधीपासून घेतोस माझं नाव?"

"रहमू, आत्ता नको," मास्तर म्हणाले.

"तुम्हालाही माहीत होतं, मास्तर?"

मास्तरांनी खाली बघितलं. म्हणजे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं! त्या ओळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला! हे सगळे सहा दिवस आमच्याबरोबर एकाच बसमध्ये बसून शेंगदाणे खात होते.

"तुझ्या लग्नाची बातमी आली तेव्हापासून," काका शेवटी म्हणाले. "आईनं पदर फाडला. आरसे झाकले. सात दिवस जमिनीवर बसलो, माणूस गेल्यावर बसतात तसं. तिनंच सांगितलं, दरवर्षी नाव घ्यायचं."

"तूही बसलास?"

"बसलो."

पप्पांनी मान हलवली. हिशोब जुळल्यासारखी. मला वाटलं आता ओरडतील. मी असतो तर ओरडलो असतो, तिथली बाकं उलटी केली असती. पप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली, खिशात ठेवली.

"मग तुम्ही नऊच आहात," ते म्हणाले, आणि दाराकडे चालायला लागले.

"रहमू!" मास्तरांचा आवाज फाटला. "अरे, कद्दीश राहिलाय! तुझ्याही आईचा आहे तो!"

पप्पा दारात थांबले. माझ्या अगदी जवळ. "मेलेल्या माणसाला कद्दीश म्हणता येत नाही, मास्तर. तुम्हीच शिकवलंत."

आणि बाहेर.

आता तुम्हाला वाटेल संपलं. नाही ना! खरा छळ पुढे होता. कारण तारीख सूर्य मावळेपर्यंत असते, आणि जर्मनीत जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. साडेनऊ वाजेपर्यंत लख्ख उजेड. म्हणजे पप्पांना परत जायला अख्खी संध्याकाळ मोकळी होती. सिनेगॉग बंद झालं तरी अडत नव्हतं, कद्दीश झाडाखालीही म्हणता येतो, माणसं तेवढी दहा हवीत. नऊ म्हातारे गल्लीतल्या एका लिंडेनच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले आणि आम्ही समोरच्या कट्ट्यावर. मधे जेमतेम रस्ता.

लाल दोऱ्यावाले परत आले, आइस्क्रीम खात, ल्यूथर किती मोठा आणि किती उंचावर वगैरे. मम्मी हसत हसतच आली, माझ्या मेसेजमुळे. पप्पांचं तोंड बघितलं आणि थांबली. मी तिला सगळं सांगितलं, एका दमात. ती पप्पांच्या शेजारी बसली. हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं तरी तिला कळलं नाही.

बिपीनला एवढंच कळलं की एक माणूस कमी आहे. तो काकांकडे गेला आणि म्हणतो, "सर, दहाच हवेत ना? मी उभा राहतो की! टोपी द्या." हसा, हसा. तेव्हाही एकदोघे हसले होते.

आढाव पाळकसाहेब मात्र चांगले माणूस. ते आमच्यापाशी आले, उकिडवे बसले. "झिराडकर, आम्ही वीसजण आहोत. तुमच्या आईसाठी आम्ही प्रार्थना करतो ना. इथेच, तुमच्याभोवती उभे राहून. एक गीत म्हणू."

"नको, साहेब," पप्पा म्हणाले. "तिला चालायचं नाही."

"कुणाला?"

"आईला."

पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते, पण उठून गेले.

मग काका आले. रस्ता ओलांडून, एकटे. मम्मीकडे नाही बघितलं, माझ्याकडे नाही, पण पप्पांकडे सरळ बघितलं.

"रहमू, चल."

"कुठे?"

"उगीच पोरासारखं करू नकोस. वर्षाचा कद्दीश आहे. तो राहिला तर राहिला."

"मी नगरला होतो, दादा," पप्पा म्हणाले. "दर तासाला एसटी आहे. तुम्ही सात दिवस माझ्यासाठी बसला होतात, तर मला कळवायचं तरी. मीही येऊन बसलो असतो."

"थट्टा करतोस? तिनं अन्न सोडलं होतं. बाबा गेले तेव्हासुद्धा एवढी रडली नाही. मला काय हौस होती? तुझ्या जागी मी असतो तर माझंही केलं असतं तिनं."

"माहितेय," पप्पा म्हणाले. खरंच माहीत असल्यासारखे. मग, "दादा, एकच कर. मास्तरांना इकडे बोलाव. त्यांच्यासमोर म्हण, माझा भाऊ जिवंत आहे. एवढंच. मी लगेच येतो. दहा होतात."

काका उभेच. समोर झाडाखाली आठ म्हातारे आमच्याकडे बघतायत, एकजण काठीवर रेललाय. मी मनात म्हणत होतो, म्हण, म्हण ना, चार शब्द आहेत! त्यांचे ओठ हललेही, शप्पथ. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"आज तिचा दिवस आहे," काका म्हणाले. "आजच तिचा शब्द मोडू?"

"मग?"

"तू प्रार्थनेपुरता ये."

"प्रार्थनेपुरता."

"हो. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि नंतर परत मरायचं?"

आता मम्मी बोलली. नवऱ्याशी. "जा हो तुम्ही. ते काय म्हणायचं ते म्हणोत. तुमचीही आई होती. मी आणि योएल बसमध्ये जाऊन बसतो, आम्ही दिसणारसुद्धा नाही."

पप्पा उठले. मला वाटलं निघाले. मलाही तेच हवं होतं का नको होतं, मला अजून कळत नाही. उभे राहून त्यांनी मम्मीच्या मनगटावरचं ते आइस्क्रीम आपल्या रुमालानं पुसलं, नीट, बोटांच्या मधलंसुद्धा.

"मी गेलो तर तू कुणाची बायको, सुवार्ता?" ते म्हणाले. "आणि हा कुणाचा मुलगा? मेलेल्या माणसाला बायकोपोरं कुठून आली?"

मग काकांकडे वळले. "तुझी बॅग मी उतरवून ठेवत जाईन. तेवढं चालेल. पण हे नाही."

काका परत रस्ता ओलांडून गेले. कंबर धरून.

बिपीन घड्याळ दाखवत फिरत होता. ड्रायव्हरचे तास संपतायत, जेवणाचं बुकिंग गेलं, हॉटेलवाला ओरडेल. तरी थांबला बिचारा, आणखी थोडं, आणखी थोडं. एझ्रा मास्तर दोनदा आले. दुसऱ्यांदा नुसते पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि गेले. शेवटी सगळे बसमध्ये चढले. बाहेर अजून उजेड.

एकच रांग. डाव्या खिडकीशी काका, वाटेच्या अलीकडे पप्पा. सूर्य काकांच्या बाजूला होता, त्यामुळे पप्पांना तो बघायचा तर काकांच्या डोक्यावरून बघावा लागत होता. आणि ते बघत होते. दोघंही बघत होते. एरवी बसमध्ये लाल दोऱ्यावाले गाणी म्हणायचे, त्या दिवशी पाळकसाहेबांनी हातानंच गप्प केलं. रस्त्याच्या कडेनं द्राक्षांचे मळे, आणि तो सूर्य उतरतोय उतरतोय, टेकतच नाही. मग पवनचक्क्यांच्या मागे गेला. आकाश लाल राहिलं, पण सूर्य गेला. मास्तरांनी पुस्तक मिटलं. तेवढाच आवाज.

बऱ्याच वेळानं पप्पा म्हणाले, "सुवार्ता, खायला काही आहे का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पाणीसुद्धा नाही. आईच्या दिवसाचा उपास. मम्मीनं पिशवीतून चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आणि वाटेच्या पलीकडे, बघतो तर काकाही डबा उघडतायत. त्यांचाही उपासच होता.

पप्पांनी चपातीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि अन्नावरचा आशीर्वाद म्हटला. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट. तो एकट्याला म्हणता येतो, त्याला दहा माणसं लागत नाहीत. फक्त शेजारी कुणी ज्यू असेल आणि त्यानं तो ऐकला, तर त्यानं आमेन म्हणायचं असतं. म्हणायलाच लागतं, कुणाचाही असो. हे मला पप्पांनीच लहानपणी शिकवलं होतं, म्हणून मी काकांकडे बघत बसलो.

ऐकला त्यांनी. हातातला घास तसाच थांबला होता.

पप्पा तुकडा हातात धरून थांबले. जरा जास्तच थांबले.

मग काकांनी घास तोंडात घातला आणि खिडकीकडे तोंड करून चावायला लागले.

"आमेन," मम्मी म्हणाली. पप्पांनी तिच्याकडे बघितलं, हसले, आणि खाल्लं.